हॉर्नसाठी आलेली गाडी

हॉर्न वाजत नाही एवढ्या एका तक्रारीसाठी आलेली गाडी मी अर्ध्या तासात आंधळी, बहिरी आणि मुकी करून ठेवली, तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. चोपन्न म्हणजे काही कोवळं वय नव्हे. पण आज मागे बघते तेव्हा ती बाई मला फार तरुण दिसते. आणि फार शहाणी. म्हणजे तिच्या स्वतःच्या मते.

आमचं दुकान चौकला, जुन्या हायवेला लागून. गाड्यांच्या वायरिंगचं, बॅटरीचं, सेल्फ-डायनामोचं. दुकान नवऱ्याचं. लग्न होऊन आले तेव्हा मी फक्त जेवणाचा डबा घेऊन यायची. मग पाने हातात द्यायला लागले. मग एक दिवस एका ट्रकच्या डॅशबोर्डखाली नवऱ्याचे खांदे अडकले आणि माझे अडकले नाहीत, तेव्हापासून डॅशबोर्डखालचं सगळं काम माझ्याकडे आलं. पुढे त्यांची कंबर गेली आणि बाकीचंही आलं. पदर खोचलेला, धड गाडीत, पाय दाराबाहेर, असं मला बघायची लोकांना इतकी सवय झाली होती की पनवेलपासून खोपोलीपर्यंतचे ड्रायव्हर मला पायांवरून ओळखायचे. तोंड बघून ओळखलं नसतं. याचा तिला केवढा तोरा! तिला म्हणजे मलाच. पण त्या वयातल्या मला 'मी' म्हणायला कधीकधी जीभ वळत नाही, तेव्हा 'ती' म्हणून पुढे जाते. सांभाळून घ्या.

तिला नवऱ्याने पहिला धडा शिकवला तो ठिणगीचा. वायरमध्ये करंट आहे की नाही हे बघायला मीटर असतं, दिव्याची साधी पेन्सिल असते. पण आमच्या पिढीतला इलेक्ट्रिशियन कसला मीटर काढतो! वायरचं उघडं टोक गाडीच्या लोखंडाला क्षणभर घासायचं. टक् झालं आणि ठिणगी उडाली की वायर जिवंत. नाही उडाली की मेलेली. ट्रकला, जीपला त्याने काही होत नाही, फार तर फ्यूज जातो. मीटर होतं तसं दुकानात. सूनबाईने आणून दिलेलं, पिवळं, देखणं. ते ड्रॉवरमध्ये पिशवीत असायचं. दसऱ्याला बाहेर यायचं, पाने-पकडींच्या शेजारी बसायचं, हळदकुंकू लावून घ्यायचं आणि पुन्हा पिशवीत जायचं. वर्षातून एकदाच वापरल्यामुळे अगदी नव्यासारखं राहिलं होतं.

तर तो शुक्रवार. थंडीचे दिवस. कर्जतचा एक मुसलमान ड्रायव्हर, रिक्षा होती तेव्हापासून आमच्याकडे येणारा, त्या दिवशी पांढरी गाडी घेऊन आला. पिवळ्या नंबरप्लेटची, दुसऱ्याकडून घेतलेली, पण हातरुमालासारखी स्वच्छ ठेवलेली.

"भाबी, बाकी सगळं ठीक हाय. फक्त हॉर्न वाजत नाय."

"गाडी कधी घेतलीस रं?"

"महिना झाला. रिक्षा विकली. सोमवारी खालापूरच्या कंपनीत दाखवायचीय, नऊ वाजता. पास झाली तर रोज सकाळी कर्जत स्टेशनवरनं स्टाफ न्यायचा, संध्याकाळी आणून सोडायचा. वर्षभराचं काम. नाय झाली तर..." तो हसला. "तर रिक्षा पण नाय आता, भाबी. परत कुठं जाऊ?"

"नाही कशी होईल?" ती म्हणाली. "हॉर्न म्हणजे काय काम आहे? तू जुम्म्याच्या नमाजाला जा. येशील तेव्हा वाजत असेल."

तो गेला. ती डॅशबोर्डखाली शिरली. आता तुम्हाला वाटेल, हॉर्न पुढे जाळीमागे असतो, आधी तो बघावा. बरोबर. कुठल्याही सुज्ञ माणसाला असंच वाटेल. पण तिला डॅशबोर्डखाली शिरायला आवडायचं. तिथे तिची सत्ता होती.

तिने स्टीअरिंगखालचं झाकण काढलं, डॅशबोर्डवरच्या मीटरमागची काळी पेटी शोधली, तिच्यातून हॉर्नकडे जाणारी वायर नेमकी ओढून काढली. इथवर हात अगदी सराईत. मग त्याच सराईत हाताने वायरचं टोक लोखंडी पट्टीला घासलं.

टक्.

ठिणगी उडाली. पण मला ठाऊक होती ती मोठी, पिवळी, मोकळी ठिणगी नव्हे. निळी, बारीक, चोरटी. तिच्यामागोमाग प्लास्टिक तापल्याचा वास आला. वायपर अर्धे वर आले आणि काचेवर आडवे थांबले. मीटरचे काटे एकदम पडले. मी चावी फिरवली. काहीच नाही. एकही दिवा नाही.

बाहेर खुर्चीत कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून नवरा पेपर वाचत होता.

"टक् झालं ते काय गं?"

"पाना पडला."

"पाना पडल्यावर असा वास येतो व्हय?"

"तुम्ही पेपर वाचा."

तो पेपर वाचायला लागला. निदान पेपर चेहऱ्यासमोर धरला. पेपर हलत होता, वारा नव्हता. हसत होता तो.

काय झालं होतं ते आता लहान मूलही सांगेल. जुन्या गाडीत हॉर्नची वायर फ्यूजमधून येते आणि फ्यूजच्या मागे सरळ बॅटरी. या गाडीत ती त्या काळ्या पेटीतून येत होती. त्या पेटीला मॉड्यूल म्हणतात. दिवे, वायपर, दारांची कुलुपं, मीटर, किती किलोमीटर गाडी चालली त्याचा आकडा, चावी खरी की खोटी याची खात्री, हे सगळं तिच्याकडे. आत नखाएवढे भाग असतात आणि त्यांना आमच्यासारखी ठिणगीची सवय नसते. मी त्या सगळ्या कारभाराला एका 'टक्'मध्ये आडवं केलं होतं.

तो नमाजाहून आला तेव्हा मी पेटी बाहेर काढून टेबलावर ठेवली होती, डॉक्टर एक्स-रे ठेवतात तशी.

"पेटी गेलीय," ती म्हणाली. "पावसाळ्यातली ओल मुरली होती आत. हॉर्न हे नुसतं लक्षण होतं. बरं झालं इथे गेली. सोमवारी साहेबांसमोर गेली असती तर?"

त्याचा चेहरा आधी पडला, मग जरा वर आला. "म्हंजे तुमच्याकडं आणली ते बरं झालं."

"तर काय!"

"लय उपकार झाले, भाबी."

त्याने माझे आभार मानले. हे लिहिताना आजही माझ्या कानांच्या पाळ्या तापतात.

"सोमवारपर्यंत होईल ना?"

"रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन जा."

हे ती कशाच्या जोरावर बोलली, विचारू नका. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पण आवाज इतका ठाम होता की तिचाही त्यावर विश्वास बसला.

शनिवारी सकाळी गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. ते म्हणाले, नवी पेटी मागवावी लागेल, पंधरा दिवस लागतील, आणि गाडी इथे आणावी लागेल कारण तिच्यात प्रोग्रॅम टाकावा लागतो. मी फोन ठेवला. प्रोग्रॅम टाकायचा! तिला हसू आलं. चार स्क्रू आणि तीन सॉकेट, त्यात प्रोग्रॅम कसला टाकायचा? हे लोकांना घाबरवायचे धंदे.

घाटात ठोकलेल्या गाड्या खोपोलीकडच्या भंगारवाल्यांकडे येतात. तिथे ह्याच मॉडेलची एक गाडी मिळाली. पुढून चेपलेली, पण डॅशबोर्ड शाबूत. पेटीवरच्या स्टिकरचा नंबर मी आमच्या पेटीशी अक्षराला अक्षर जुळवून बघितला आणि ती पिशवीत घालून एसटीने चौकला आले. रस्ताभर पिशवी मांडीवर. जिलेबी आणावी तशी.

बॅटरीची तार सोडली, पेटी बसवली, तार जोडली, चावी फिरवली. दिवे लागले! वायपर खाली बसले! "या, बघा या!" मी नवऱ्याला हाक मारली. तो कंबर धरत आला. मी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, धरलं, आणि लगेच बंद. पुन्हा फिरलं, पुन्हा बंद. मीटरवर चावीचं एक लाल चित्र लुकलुकायला लागलं. किलोमीटरचा आकडा बघितला तर आमच्या गाडीच्या निम्माही नव्हता. तो त्या घाटातल्या गाडीचा.

बदली होऊन आलेला तलाठी जसा गावात कुणालाच ओळखत नाही, सगळ्यांकडे कागद मागतो, तशी ती पेटी बसली होती. चावी दाखवली तर म्हणे ही आमची नाही. इंजिनाला म्हणे तू कोण?

मी पुन्हापुन्हा सेल्फ मारत राहिले. नवरा बघत होता.

"ती वळखत नाय तुला."

"कळतंय मला."

"आधारकार्ड दाखव."

मी पुन्हा सेल्फ मारला. तो पुढे गेला, बॉनेटवर टेकला, जाळीमागे हात घातला आणि दोन मिनिटं काहीतरी खरवडत राहिला. मग म्हणाला, "आता हॉर्न दाब."

मी दाबला. वाजला. खणखणीत.

"हॉर्नची अर्थिंगची तार गंजलेली व्हती," तो म्हणाला. "पॉलिशपेपर मारला. पेटीचा काय संबंध नव्हता गं."

म्हणजे ज्या कामासाठी गाडी आली होती ते काम दोन मिनिटांचं होतं आणि ते त्या कंबर मोडलेल्या माणसाने उभ्याउभ्या केलं होतं. मी उगाच हॉर्न आणखी एकदा दाबून बघितला.

"सांगणार हायस का त्याला?" नवऱ्याने विचारलं. पाना पडला या गोष्टीवर त्याने एक शब्दही काढला नाही. गरज नव्हती.

"आधी गाडी चालू होऊ दे."

आता सूनबाईबद्दल सांगायला हवं. आम्ही राहतो दहिवलीला. सूनबाई कर्जतमध्ये कॉम्प्युटरच्या क्लासला शिकवायची. तिने दोन-तीनदा म्हटलं होतं, आई, हल्लीच्या गाड्यांना लॅपटॉप लागतो, मी शिकून घेते, दुकानात एक ठेवू. त्यावर या बाईने गिऱ्हाइकांसमोर तिला सांगितलं होतं, "आमच्याकडे गाडीला कान लावतात, वायर नाही." गिऱ्हाइकं हसली होती. सूनबाईही हसली होती. पण त्यानंतर तो विषय तिने काढला नव्हता.

शनिवारी संध्याकाळी सूनबाई भाकरी थापत होती. मी शेजारी जाऊन मेथी निवडायला बसले. बरीच मेथी निवडली.

"आई, काय हवंय?"

"काय हवं असणार? मेथी निवडतेय."

"तुम्ही देठं ठेवताय आणि पानं टाकताय."

मग मी सांगितलं. पेटी, भंगार, लुकलुकणारी चावी. तिने भाकरी उलटली आणि विचारलं, "जुनी पेटी कशी गेली?"

"गेली."

"कशी? पाणी गेलं असेल तर आतली मेमरी पण खराब झाली असेल. मग तिच्यातून काही काढता येणार नाही. शॉर्ट झाला असेल तर मेमरी वाचली असेल. मला खरं सांगा, नाहीतर मी हात लावणार नाही. चुकीचं काहीतरी नव्या पेटीत लिहून बसेन."

भाकरी फुगली. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "ठिणगी मारली."

"कुठे?"

"हॉर्नच्या वायरला."

"मीटर होतं ना?"

"दसऱ्याला वापरतो ते."

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल, आणि हसली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. पण त्या माणसाला तुम्ही सांगा."

"सांगते."

"कधी?"

"गाडी चालू झाली की."

रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बसलो. क्लासच्या हार्डवेअरच्या सरांकडून तिने एक छोटं यंत्र आणलं होतं. त्याला वायर आणि वायरीच्या टोकाला कपड्याच्या चिमट्यासारखा, पण बोटाच्या पेराएवढा चिमटा. जुन्या पेटीचं झाकण उघडलं. हिरव्या पाटीवर एका कोपऱ्यात काळा डाग, तीळ असावा तसा. ते माझं काम. डागापासून दूर, दुसऱ्या टोकाला आठ पायांची एक बारीक चिप होती. गाडीची ओळख त्या चिपेत. कोणती चावी, किती किलोमीटर, कोणतं मॉडेल.

"ही वाचली तर गाडी वाचली," सूनबाई म्हणाली.

तिने चिमटा लावला. लॅपटॉपवर नुसती एफ एफ एफ एफ अशी रांगच्या रांग आली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"म्हणजे काय?"

"म्हणजे चिमटा टेकतच नाहीये. चिपेच्या पायांवर लाखेसारखा थर आहे. तो काढायला हवा, पण माझ्या हाताला असल्या बारीक कामाची सवय नाही. पाय तुटला तर संपलं."

तेव्हा मात्र मी खुर्ची पुढे ओढली. आयुष्यभर मी डायनामोच्या केसाएवढ्या तारा गुंडाळल्या, एकावर एक, न मोजता, न चुकता. मी शिवणाची सुई घेतली, स्पिरिटमध्ये बुडवली आणि त्या आठ पायांवरचा थर एकेक करून खरवडला. श्वास धरून. मग चिमटा मीच लावला आणि मीच धरून ठेवला.

लॅपटॉपवर आकडे आले. वेगवेगळे, भरगच्च.

"हलू नका," ती म्हणाली. "अजिबात हलू नका आई. आणखी एकदा वाचते."

तिने तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकच येतंय का ते पडताळलं. मग भंगारातल्या पेटीतलंही वाचून वेगळं जपून ठेवलं, चुकलं तर परत फिरायला. आणि मग आमच्या गाडीची ओळख त्या परक्या पेटीत लिहिली.

पेटी गाडीत बसवली. अजून एक काम होतं. स्टीअरिंगखालच्या खाचेत लॅपटॉपची वायर लावून पेटीला सांगायचं की तू आता या गाडीची, जुन्या चुका विसर. त्या वेळी करंट कमी पडता कामा नये, म्हणून मी गाडीच्या बॅटरीला दुकानातली दुसरी बॅटरी जोडली. या वेळी व्होल्टेज बघायला पिवळं मीटर पिशवीतून काढलं. नवऱ्याने ते बघितलं, मग कॅलेंडरकडे बघितलं. दारं बंद, चावी चालू, कुणी कशाला हात लावायचा नाही. लॅपटॉपवर एक पट्टी हळूहळू भरत चालली. अर्ध्यावर आली आणि नवऱ्याने सवयीने मागचं दार उघडायला हात घातला.

"हात!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

त्याने हात मागे घेतला. "आयला," तो म्हणाला, "दोघींचं एक झालं म्हंजे माझं कठीण हाय."

पट्टी भरली. चावी काढली, दहा मोजले, पुन्हा लावली. लाल चित्र एकदा लागलं आणि विझलं. किलोमीटरचा आकडा आमचा. सेल्फ मारला. गाडी चालू झाली आणि चालू राहिली.

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी तो आला. गाडीभोवती एक फेरी मारली, हॉर्न दाबला, दिवे लावले, डोळे पुसले. "भाबी, तुमच्यासारखं माणूस नाय सापडायचं," तो म्हणाला. आणि त्या बाईने, काल कबूल केलेल्या, शब्द दिलेल्या बाईने, म्हटलं, "उद्या मीही येते बरोबर. काही अडलं तर असू दे." जुनी पेटी पिशवीत घालून त्याच्याकडे दिली, जपून ठेव म्हणून. सांगायचं ते सांगितलं नाही. गाडी चालू झाली होती, तो आनंदात होता, आणि कुणी आनंदात असताना त्याला काय सांगायचं! असं तिने स्वतःला समजावलं. बरोबर जायचं खरं कारण वेगळं होतं. खालापूरला साहेबांनी गाडी पास केली की त्याने वळून हिच्याकडे बोट दाखवावं, हे हिला हवं होतं. त्यासाठी हिने इस्त्रीची साडी काढली होती.

सोमवारी नऊला कंपनीच्या गेटवर वाहतूक बघणारे साहेब आले. वयस्कर, जाड चष्मा, हातात कागदाची पाटी. टायर बघितले, सीटचे पट्टे बघितले, हॉर्न वाजवला. मग आत वाकले आणि मीटरच्या कडेवर बोट ठेवलं. माझ्या स्क्रूड्रायव्हरचा एक पांढरा ओरखडा राहिला होता.

"हे उघडलंय."

"हो साहेब, पेटी बदलली. पाणी मुरलं होतं," तो म्हणाला. माझंच वाक्य, शब्दन् शब्द.

"जुनी पेटी?"

त्याने विश्वासाने पिशवी दिली. साहेबांनी झाकण उघडलं, आतली हिरवी पाटी उन्हात धरली. "पाण्याचा डाग कुठाय? गंज कुठाय? हे जळालंय." त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "किलोमीटर कमी करायला मीटर उघडतात, मला शिकवू नका. आमच्याकडे असली गाडी चालत नाही. घेऊन जा."

"नाय साहेब, अल्लाची शपथ..." तो माझ्याकडे वळला. बोट दाखवलं. मला हवं होतं तसंच, फक्त कारण निराळं. "या भाबींना विचारा. त्यांनीच केलंय काम. सांगा ना भाबी. पाणी होतं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दोन वॉचमन, साहेब, तो. इस्त्रीची साडी.

"पाणी नव्हतं," मी म्हटलं. "मी जाळली."

मग सगळं सांगितलं. हॉर्न, ठिणगी, भंगार, चिप. किलोमीटर जसाच्या तसा जुन्या पेटीतून आणलाय, सर्व्हिसच्या पुस्तकात शेवटच्या शिक्क्याजवळ आकडा आहे, जुळवून बघा म्हटलं. साहेबांनी पुस्तक मागितलं, जुळवलं. जुळलं. तरी त्यांनी कागद पुढे केला.

"हे लिहून द्या. सही करा."

बॉनेटवर कागद ठेवून मी लिहिलं. 'सदर गाडी हॉर्नच्या किरकोळ कामासाठी आली असता मी स्वतः वायरची ठिणगी पाहण्याच्या जुन्या सवयीने तिचे मॉड्यूल जाळले. बदललेल्या मॉड्यूलमध्ये मूळ नोंदी कायम आहेत.' सही केली.

साहेबांनी वाचलं. मोठ्याने. वॉचमनना ऐकू जाईल असं.

"आणि ती पाण्याची गोष्ट कुणाची?"

"माझीच."

"तीही लिहा."

मी खाली लिहिलं, 'पाणी मुरल्याचे मी गाडीमालकास खोटे सांगितले.' पुन्हा सही.

त्यांनी कागद पाटीला लावला, गाडीच्या अर्जावर शिक्का मारला. "उद्यापासून. साडेसातला कर्जत स्टेशन. उशीर नको."

खालापूरहून चौकपर्यंत तो नजर रस्त्यावर ठेवून गाडी चालवत राहिला. मी मागे बसले होते आणि आरशात त्याचे डोळे बघायची हिंमत होत नव्हती. दुकानासमोर गाडी थांबवली, पण बंद केली नाही.

"भाबी."

"बोल रं."

"शुक्रवारी नमाजात मी काय मागितलं ठाऊक हाय? गाडी पास होऊ दे. तिकडं मी मागतोय आणि इकडं तुमी तिला जाळताय."

मला हसू आलं. दाबलं. दाबलं नसतं तर तो मला तिथेच टाकून गेला असता.

"चुकलं माझं."

"चुकलं ते राहू द्या. वरनं मी उपकार झाले म्हटलं. तुमी ते घेतलं पण."

"घेतलं."

"आता ऐका. रस्त्यात मधेच ही पेटी बसली, तर स्टाफ घेऊन मी काय करू? आठ दिवस तुमी गाडीत बसायचं. सकाळी सव्वासातला दहिवलीच्या नाक्यावर उभं राहायचं. पेटी गेली तर तिथंच उतरून दुरुस्त करायची."

"आणि दुकान?"

"दुकान वाटेतच हाय. उतरवतो."

आतून नवरा ओरडला, "घेऊन जा रं! डबा मी करतो!"

त्या आठवड्यात मी रोज सव्वासातला नाक्यावर उभी होते. कर्जत स्टेशनवरनं अकाउंट्सचे दोन साहेब आणि एक मॅडम चढायचे, मी खिडकीशी, मांडीवर पिशवी. पिशवीत पाने, सुई, स्पिरिटची बाटली. पहिल्या दिवशी ते बिचकले, ड्रायव्हरची आई आहे का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "नाय, ह्या गॅरंटी हायत." मग त्यांनीही मला गॅरंटी म्हणायला सुरुवात केली. प्रत्येक खड्ड्याला मी कान लावायची. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या स्कूटरचा इंडिकेटर का चालत नाही ते मी गाडीत बसल्याबसल्या सांगितलं आणि चौथ्या दिवशी ती म्हणाली, अगदी बरोबर. तेव्हा आरशात त्याचे डोळे पहिल्यांदा माझ्याकडे आले. हसत नव्हते, पण रागातही नव्हते.

पेटी काही गेली नाही. आठव्या दिवशी चौकला गाडी थांबली, मी उतरायला लागले, तसा तो म्हणाला, "भाबी, उद्यापासून नका येऊ."

"का? विश्वास बसला?"

"तसं नाय. आणखी एक साहेब येणारेत उद्यापासनं. तुमची सीट लागते."

खिडकीची जागा होती. थंडीतलं कोवळं ऊन नेमकं तिथेच यायचं. मला सवय झाली होती.

"आणि गाडी बंद पडली तर?"

"तर ढकलायला एक माणूस वाढतोय ना."

मागे मॅडम फस्सकन हसली. मी उतरले आणि दार जरा जोरातच लावलं.